नकाशाला आता राखण नको

गारखेडा

प्रिय सई,

विश्वजितचा नकाशा मी हलवला. घाबरू नकोस, काही पुसलं गेलेलं नाही. वेबसाइटचा पत्ता तोच आहे, उघडून बघ.

माझा लेक गेला, तेव्हापासून त्याच्या नकाशाचा सर्व्हर तू पुण्यातून सांभाळतेस. तुझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीत, हात माखलेले असताना तू लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसली होतीस, कारण नकाशा बंद पडला होता. मी ते पाहिलं आणि जेवायला गेले. हल्ली माझं असंच होतं. दिसतं सगळं, आत पोचत नाही.

त्यानंतर श्रेयाला, विश्वजितच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला, रविवारी घरी बोलावू लागले. लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या वाचनालयात सिस्टर खुर्चीवर असल्या तरच पुस्तक मिळे. त्या आजारी पडल्या की कपाटाला कुलूप. हे सांगितलं तर, सर्व्हरचंही तसंच, श्रेया म्हणाली. आता अख्खा नकाशा एकाच फाइलमध्ये बांधून इंटरनेटवरच्या भाड्याच्या कपाटात ठेवलाय. बघणाऱ्याचा ब्राउझर त्यातला हवा तेवढाच तुकडा उचलतो. मधे कुणी बसायला नको. भाडं म्हणशील तर चहापाण्याइतकं, ते माझ्या पेन्शनमधून जाईल. पहिल्यांदा पडदा कोराच आला. फाइल बाहेरून वाचायची परवानगी द्यायची राहिली होती. "काकू, रडू नका हं," श्रेया म्हणाली. मी रडत नव्हतेच.

मग पडद्यावर बिडकीन गाव उमटलं. आता जिथं कारखान्यांचे रस्ते आहेत तिथली जुनी शेतं, आपापल्या नावांसकट. तिथल्या कडूबाई विश्वजितला कशा झापत होत्या, आठवतं? "नंबर काय इचारतो रे? वावराला नाव आसतंय. ही आहेराची पट्टी, माझ्या बापानं लग्नात देली." तो उन्हात हसत हसत लिहून घेत होता आणि तू त्याच्यावर छत्री धरून उभी होतीस.

तुझी आई, रत्नमालाताई, परवा येऊन गेल्या. बोलताना त्यांना फार अवघड जात होतं. इंद्रजीत तुला आवडतो, पण लग्नाला तू नाही म्हणालीस. "मी नव्या घरी गेले तर नकाशा कोण चालू ठेवणार?" असं म्हणालीस. सई, छत्री आता खाली ठेव. नकाशा नीट चालतोय ना ते एकदा बघ, सर्व्हर बंद कर आणि इंद्रजीतला फोन कर. लग्नात मी सासू म्हणून नाही, मुलीकडच्यांत बसेन. आहेर मलाच आणायचाय.

तुझीच,
आई