सात पाण्यांनी धुतलेला तांदूळ

गिरगाव,
१८ जानेवारी १९६०

चि. चिंतामणीस यशोदाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. पावलांना मुंग्या येतात, तळवे बधिर झाले आहेत, हे तू आंब्याच्या मोहोराबद्दल लिहून झाल्यावर, शेवटच्या ओळीत कळवतोस! डॉक्टर रामदासांनी सांगितले ते मला मुळीच नवे नाही. गिरणीतून पांढराशुभ्र होऊन आलेला तांदूळ तू दोन्ही वेळा खातोस. नसांना लागणारे जीवनसत्त्व कोंड्याबरोबर गिरणीतच राहते. आम्ही हे कॉलेजात चाळीस वर्षांपूर्वी शिकलो. साठीला आलास तरी सुईला भितोस, तेव्हा उपाय ताटातच करायला हवा.

माझ्या गुडघ्यामुळे तीन जिने उतरणे बंद आहे, नाहीतर स्वतः येऊन चुलीपाशी उभी राहिले असते. अलिबागचा कुशाबा सोमवारी हातसडीचा तांबडा तांदूळ, नाचणी, गूळ आणि घाण्याचे तेल तुझ्याकडे पोचवील. डब्यातले वनस्पती तूप बंद. स्वयंपाकाच्या चंपाबाईंना नीट वाचून दाखव: तांदूळ सात पाण्यांनी, पाणी नितळ येईपर्यंत धुवावा. मग भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून टाकावी. आपल्या घरी भाताचे शीत न् शीत मोकळे असते. औषधाचा भात झाला म्हणून तो चिकट व्हायला नको.

कळावे. माया आहे म्हणूनच रागावते, हे ध्यानात असू दे.
यशोदाताई

माटुंगा,
४ फेब्रुवारी १९६०

ती. ताईस चिंतामणीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र चंपाबाईंना वाचून दाखवले. त्या भोईवाड्याच्या. म्हणाल्या, आमच्या शेजारच्या कोर्टाचे हुकूमसुद्धा एवढे कडक नसतात. सगळे तू लिहिलेस तसेच चालू आहे.

तांदूळ शिजू लागला की त्याच्या वासाने व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत माझा डोळा लागतो. आजोळचे अंगण दिसते. दोघी जणी उखळात आळीपाळीने मुसळ टाकताहेत, आवाज मात्र येत नाही. नुसता तांबूस भुसा उन्हात तरंगत असतो. जाग आली की ताट समोर असते आणि घास उतरत नाही.

तुला कधी सांगितले नाही. लढाईच्या दिवसांत रेशनचा थोडासा पांढरा तांदूळ राधा माझ्या ताटात वाढायची आणि स्वतः दाराआड बसून तांबडा खायची. विचारले तर म्हणायची, मला हाच आवडतो. मी ते खुशाल खरे मानले. तिला जाऊन तीन वर्षे झाली आणि आता तोच भात माझ्या पुढ्यात आहे.

पण खाईन. या उन्हाळ्यात आपले राज्य होणार. चार वर्षे मोर्च्यांत चाललो, त्यातले पहिले वर्ष राधाही बरोबर होती. त्या दिवशी शिवाजी पार्कला मला कुणी टॅक्सीत घालून नेलेले नको. स्वतःच्या पायांनी जायचे आहे.

आशीर्वादाचा हात डोक्यावरून काढू नकोस.
तुझा चिंतामणी

गिरगाव,
७ फेब्रुवारी १९६०

चि. चिंतामणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

राधाचे वाचून वाईट वाटले. तरी भात खा. ती असती तर तिनेही तुला हेच सांगितले असते, फक्त माझ्यापेक्षा गोड शब्दांत. पाच आठवड्यांत पायांत फरक पडलाच पाहिजे. दिवसा झोपणे कमी कर.

खुशाली कळवत जा, तेवढाच मला आधार.
यशोदाताई

माटुंगा,
१२ मार्च १९६०

ती. ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू दिलेले पाच आठवडे झाले, फरक नाही. काल कोपऱ्यावर पत्र टाकायला गेलो. परत आलो तर चंपाबाई माझ्या पायांकडे बघत राहिल्या. एका पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठे निसटली ते मला कळलेच नाही. ढगावर चालावे तसे चाललो होतो. स्वप्नात असे चालणे फार सुंदर वाटते. जागेपणी भीती वाटली.

त्यावर चंपाबाईंनी आज कमरेवर हात ठेवून सुनावले. म्हणाल्या, साहेब, तांदूळ तुम्ही खाता आणि त्याचा जीव मी पिते. पेज मोरीत ओतवत नाही म्हणून त्या रोज मीठ घालून वाडगाभर पितात. राधा कधी पेज ओतत नसे म्हणे. एक-दोनदा हलके पाणी फिरवायची आणि मापाने पाणी घालून भात आटवायची. मग इतके दिवस बोलला का नाहीत, असे विचारले. म्हणाल्या, बी.ए. झालेल्या बाईंपुढे मी काय बोलणार?

तू रागावणार नाहीस ना?
तुझा चिंतामणी

गिरगाव,
१४ मार्च १९६०

चि. चिंतामणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र चंपाबाईंना मोठ्याने वाचून दाखव. एकही ओळ गाळायची नाही.

चूक माझी आहे. ते जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. अठ्ठावीस वर्षे मी हे शाळेत मुलींना फळ्यावर लिहून दिले आणि स्वयंपाकघरात शिरताच आई करायची तसेच केले. उरलेसुरले होते ते सात पाण्यांतून आणि पेजेतून मी काढून टाकायला लावले. तुझे इतके आठवडे माझ्यामुळे फुकट गेले.

राधाच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी, पाहुण्यांच्या देखत, तिच्या भातात बोट खुपसून हा भात की खळ, असे मी विचारले होते. ती हसली होती. ते हसू मला आज आठवले. तिची माफी मागायला आता जागा नाही, म्हणून तुझी मागते.

यापुढे चंपाबाई सांगतील तसे करावे. त्यांच्यासाठी वेगळा भात टाकावा. त्यांची पेज आपण बंद करतो आहोत. मीही काल राधाच्या पद्धतीने भात केला. पहिला घास घेतला आणि खिडकीशी बसून राहिले. उन्हाचा चौकोन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत गेला, तेव्हा ध्यानात आले की ताट अजून हातातच आहे.

मला माफ केले असलेस तर दोन ओळी लिही.
यशोदाताई

माटुंगा,
२ मे १९६०

ती. ताईस शि. सा. नमस्कार. वि. वि.

दोन ओळी मार्चातच लिहिल्या होत्या. आज जास्त लिहितो. एप्रिलच्या मध्यावर मुंग्या थांबल्या. मग एका सकाळी व्हरांड्याची फरशी गार लागली. मी तिथेच उभा राहिलो. चंपाबाईंनी विचारले, काय हरवले? म्हटले, सापडले.

काल पहाटे निघालो. त्या बरोबर होत्या, पण हात धरू दिला नाही. वाटेत चार ठिकाणी टेकलो. शिवाजी पार्क पताकांनी भरले होते, अनोळखी माणसे पेढे देत होती. तिथून मागच्या वाळूवर गेलो आणि चपला काढून हातात घेतल्या. चंपाबाईंनी डबा उघडला: तांबडा मऊ भात, वर गुळाचा खडा. सावकाश चावला. शेवटी शेवटी तो आपोआप गोड लागतो, ताई, गुळाशिवायही. राधा खरे बोलत होती. निदान थोडेसे तरी.

समुद्र धुक्यात होता, कुठे संपतो ते दिसत नव्हते. पण वाळू वरून कोमट आणि खाली गार होती, आणि मला दोन्ही कळत होते.

रविवारी गिरगावला येतो. तुझे तीन जिने मी चढेन. तू भात टाकून ठेव, चिकट.
तुझा चिंतामणी