बाबांचा चेहरा, प्रयत्न चौथा

ति. दादास,

धाकट्याचा नमस्कार. (एका हाताचा. दुसऱ्याच्या अंगठ्याला पट्टी आहे, काळजी नसावी.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींना सांग, स्वेटर छान बसला, फक्त हात वर करता येत नाहीत.

आईची नजर आता जवळजवळ गेलीच. गेल्या महिन्यात तिने बाबांचा फोटो मागून घेतला, काचेवरून बोटं फिरवली आणि परत देत म्हणाली, "यात हाताला काहीच लागत नाही रे." मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी काहीतरी करून बसतो, हे तुला माहीतच आहे. मी बाबांचा चेहरा लाकडात कोरायचं ठरवलं. (आजवर मी लाकडात कोरलेली एकमेव गोष्ट म्हणजे शाळेच्या बाकावरचं माझं नाव, तेही अर्धवट. मास्तर आले.)

कोपऱ्यावरच्या सुतारांकडे शिकवणी लावली. माणूस शांत. त्यांनी चौकोनी ठोकळा दिला आणि सांगितलं की नाक ठोकळ्याच्या धारेवर घ्यायचं, म्हणजे गाल आपोआप मागे उतरतात. शिवाय ते हवं त्याहून मोठं ठेवायचं, कारण काढलेलं लाकूड परत येत नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन सपाट बाजूवरच बाबा कोरले, फोटोत दिसतात तसे. आईने हात फिरवून विचारलं, ही फळी कशाची?

दुसरा ठोकळा धारेवर घेतला. नाकाची डावी बाजू थोडी काढली की उजवी जड वाटायची, उजवी काढली की डावी. दोघींना न्याय देता देता नाकच संपलं. सुतारांनी कपाळाला हात लावला. (स्वतःच्या.) तिसऱ्या खेपेला लाकडाच्या रेषांच्या उलट पटाशी चालवली, तर हनुवटी उडून कपाटाखाली गेली. अंगठ्याचं तेव्हाच झालं.

चौथा मात्र जमला, असं मला अजूनही वाटतं. सुतार दोनदा "हं" म्हणाले, आणि एवढी शाबासकी ते सहसा कुणाला देत नाहीत. आईच्या मांडीवर ठेवला. तिने बराच वेळ चाचपलं आणि मग अगदी खात्रीने आपल्या शाळेच्या हेडमास्तरांची विचारपूस केली. हसावं की रडावं, मला कळेना.

आता पाचवा सुरू केला आहे. लाकूड भरपूर आहे आणि एक अंगठाही शिल्लक आहे. तेव्हा इकडची चिंता न करता तू तुझ्या सवडीने ये.

तुझा,
धाकटा

ता. क. पाचवा थांबवला. आईनेच पटाशी खाली ठेवायला लावली. म्हणाली, "पुरे आता. थोरला हुबेहूब त्यांच्यावर गेलाय. त्यालाच बोलाव, मला एकदा हात लावू दे." तू येऊन चार वर्षं झाली, दादा. सवडीचं वर लिहिलंय ते खोड. लगेच नीघ.

आणखी एक. गुळगुळीत दाढी करून ये. आणि ती हात फिरवत असेल तेवढा वेळ गप्प बस, तुझा आवाज बाबांसारखा नाही.