खुर्चीची जागा

रविवार, १२ जानेवारी, संध्याकाळ

माईक खुर्चीवरून उचलून हातभर पुढे धरला आणि लॅपटॉपवरच्या आवाजाच्या आलेखातला खड्डा नाहीसा झाला. इतके दिवस ऐकूच न येणारा पन्नास हर्ट्झचा खर्जातला सूर भरून आला. म्हणजे बाबांनी बनवलेली सबवूफरची, खर्जाच्या स्पीकरची लाकडी पेटी पहिल्यापासून बरोबर होती. माझी खुर्चीच चुकीच्या जागी होती, जिथे भिंतीवरून परतणारा आवाज तोच सूर मारून टाकतो.

आणि मी महिनाभर त्यांना सांगत होतो, सांध्यातून हवा गळते. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला. इक्वलायझरवर मी तो सूर वाढवायचो, आणि खड्डा भरला नाही की पुन्हा बाबांना बोल लावायचो. दोनदा त्यांनी पेटी उघडून सांधे पुन्हा चिकटवले. परवा तर कळमेश्वरच्या पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "आता बाबांचा हात थरथरतो." ते नुसते हसले.

आत्ता ते दारात आले. "काय गा, अजून हवा निघूनच राहिली का?"

"थोडीशी," मी म्हणालो. का म्हणालो? हातभर अंतर. तेवढं सांगता आलं नाही.

"पाहतो मंग मी," म्हणाले आणि स्वतःच्या बोटांकडे बघत गेले.

मी खुर्ची हलवली नाही. तिथेच बसून हे लिहितो आहे.

सोमवार. सकाळी उठलो तेव्हा बाबा पेटी उघडून सांध्यांना तिसऱ्यांदा सरस लावत होते.