वाघोबाच्या दगडाशी लावलेला फास

रवि. ९ नोव्हें.
ब्रूनोला जाऊन पंधरवडा झाला. घोडबंदरच्या टेकडीखाली फिरायला नेला होता. झुडपातून बिबट्या आला, पट्टा माझ्या हातातून ओढला गेला. संपलं. तळहातावरचा वळ आता दिसत नाही, पण मूठ अजून आपोआप आवळली जाते. आज ठरवलं, त्या बिबट्याला मारायचं. हे म्हणाले, "डोकं फिरलंय तुझं." फिरलंय.

बुध. १२
शिकार मोबाइलवर शिकतेय. वारा कुठून येतोय, पाऊल ताजं की शिळं, वगैरे. बंदूक कुठून आणणार? म्हणून तारेचा फास. गुन्हा आहे, माहितीये. गॅरेजवाल्याकडे क्लच वायर मागितली. "कौनसी गाड़ी, मॅडम?" स्कूटी म्हणाले. "स्कूटी में क्लच किधर होता है?" तो हसला, मीही हसले. ब्रूनो गेल्यापासून पहिल्यांदाच. लगेच लाज वाटली. वायर मात्र घेतली.

रवि. १६
ओढ्याच्या चिखलात ठसे. टेकडीखाली शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड आहे, त्याच्या मागूनच जातात. तिथेच फास लावला, पाचोळा पसरला, पुढे मटण ठेवलं. उठते तर मागे म्हातारी उभी! गावातलीच, अनसूयामावशी. तिला फक्त मटण दिसलं. तिने हात जोडले.
"बरा केलास गो बाय. आता कोन देतंय त्याला? नवस हाय का?"
हो म्हणाले. काय म्हणणार! तिने माझा नंबर घेतला, चहाला ये म्हणाली.

मंगळ. १८
ऑफिसला दांडी. फास तुटलाय. झाडाशी वायरचा तुकडा, रक्त, थोडे केस. बाकीची वायर त्याच्या अंगावर. म्हणजे जिवंत आहे, आणि फास घेऊन फिरतोय. सूड घेतला म्हणून बरं वाटायला हवं होतं. तिथेच ओकले.

शुक्र. २१
झोप नाही. पडदा सळसळला तरी दचकते. भांडी घासताना तारेची घासणी हातात घेववत नाही. आंघोळ करताना कमरेला काहीतरी आवळल्यासारखं. ब्रूनो आठवायला जाते तर डोळ्यांसमोर तोच येतो. शिकवणारे सगळे नेम कसा धरायचा ते सांगतात. अर्धवट राहिलं तर काय, त्यावर कुणी—

रवि. २३
सगळं सांगायचं ठरवून मावशीकडे गेले. तिने चहा टाकला आणि तीच बिबट्याबद्दल बोलायला लागली.
"मामा अंगनात येतो हल्ली. लंगरतो. कंबरेत काय रुतलंय त्याच्या. शिकार जमत न्हाय वाटतं. मी कोंबरी सोरते त्याला."
आणि ही ओट्यावर झोपते! घरात जीव गुदमरतो म्हणे.
"मावशी, आत झोपत जा हो."
"मला काय करतोय तो? तुझा नवस हाय ना, बाय."
सांगायचं ते चहाबरोबर गिळलं. भित्री आहे मी. तिला काही झालं तर ते मी केलेलं असेल.

सोम. २४
वनखात्याला फोन केला. नाव सांगणार नव्हते, सांगून टाकलं. पलीकडचे साहेब म्हणाले, "उद्या सकाळी जागा दाखवायला या. सापडला तर बेशुद्ध करून तार काढू. वाचेल की नाही, सांगता येत नाही." केस होईल, हेही बोलले. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "वकील बघतो."
मावशीला फोन करून बजावलं, आज दार लावून आत झोपा, उद्या माणसं येतायत त्याच्यासाठी.
"बरा करायला? मंग मी पन येते. नारल आनते वाघोबाला. तूच फोर हां बाय, तुझा मान."
आणि ठेवला फोन. उद्या सगळ्यांसमोर कळण्याआधी तिला माझ्या तोंडून कळायला हवं. मोबाइल समोरच आहे. अजून जागी असेल ती.