इस्तो न्याले आलेली नात

मोहफुलं पडाचे दिवस, बुधवार, दिवेलागण

मले अक्षर येत नाई, म्हणून मायी नात सुमन लिहून राह्यली. सुमन, मी बोलीन ते सगळं लिव, तुयी चहाडी असली तरी.

विद्यापीठातून काल आली, उद्या परदेशच्या प्रयोगशाळेत चालली. म्या म्हटलं, "काऊन वं, अशी घाईत, चुलीचा इस्तो न्याले आली का?"

हासली. म्हणे, "इस्तोच समज, आजी! आमच्या गटानं उजेडाचा एकच कण या इमारतीतून त्या इमारतीत सुखरूप पोचवला. त्याची नक्कल होत नाई. नेला का मांगं काही उरत नाई."

मंग तो कण नाई, नातच झाली! आमचा इस्तो तसा नव्हता. देल्यानं कमी होत नसे.

माहेरी ब्रह्मपुरीकडं चूल विझली का माय मले शेजारच्या काकीकडं धाडे. गोवरीच्या तुकड्यावर निखारा आणाचा. "तिथंच बसू नको," माय ओरडे. पण काकी म्हणे, "निखारा फुलू दे, तवर बस." फुकत राहे, गोष्टी सांगत राहे. निखारा त् कवाचाच लाल राहे. मंग काकी काऊन फुके? तवा समजलं नाई. आता घरोघरी गॅस, इस्तो मागाले कोणी येत नाई.

सुमन मघापासून मायं तोंड पाहून राह्यली. मी अजून जाय म्हटलं नाई ना.

जाय, बाई. लिव तसं. पण हे पान पुरं होऊ दे, तवर बस. मले अजून लय सांगाचं हाये.