ऋतुजाची पकड

मंगळवार, संध्याकाळ. पवनार

शेजारची ऋतुजा कराटे सोडून कुस्तीत गेली, म्हणून संतापच आला. एकमेकींना चिकटून लोळण्यात कसला आलाय फिटनेस? आमच्या कॉन्व्हेंट शाळेत रांगेतही हातभर अंतर ठेवायला लावत. तोंडावर म्हटलंच तिला. ती हसली.

"आजी, कराटेत मारून बाजूले होता येते, तिथं चपळाई लागते. इथं समोरचीले धरूनच राहा लागते, सारं आंग थकते. सोडवा बरं!"

तिनं माझं मनगट धरलं. सुटेना. "सोड, कार्टे!" मी ओरडले. लगेच सोडून ती घरी गेली.

मनगट अजून लाल आहे. निवृत्तीनंतर या एकटीच्या घरात मला कुणी हात तरी लावलाय का? इतक्या लवकर कशाला ओरडले मी?

उद्या सांगेन, कुस्ती वाईटच; पण ती पकड पुन्हा दाखव.