हजेरीचा कागद

अहो,

आपल्या ब्रोकरचा माणूस दहा वाजता करारनामा घेऊन येईल. त्यावर सही करू नका, माझी शपथ आहे.

ब्रोकरचं कमिशन घर विकणाऱ्या बाई देणार, असं तोंडी ठरलं होतं. आज चहा उकळेपर्यंत मी करारनाम्याचा काल आलेला मसुदा वाचला, तर त्यात ते कलमच नाही! आणि पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा दारातच मी एका कागदावर सही केली होती ना, त्याची प्रत आत्ता कपाटातून काढली. त्यात लिहिलंय, विकणाऱ्याने कमिशन दिलं नाही तर घेणाऱ्याने द्यायचं. मला वाटलं, हजेरीचा कागद असेल. चष्मा घरी राहिला होता आणि विचारायची लाज वाटली.

एवढे पैसे आता कुठून आणायचे? घर हातचं जाईल, बयाणाही बुडेल. ते कलम घालून घ्यायला मी बाईंकडेच निघालेय.

तुम्ही पडलात भिडस्त, कुणी पेन पुढे केलं की सही करून मोकळे. म्हणून तुमचा चष्मा मी बरोबर नेतेय. “चष्मा नाही, वाचल्याशिवाय सही करत नाही,” एवढंच म्हणा.

मला त्या दिवशी एवढंच म्हणायला जमलं नाही.